तात्याराव लाइनमनचे राघू

तात्याराव खिल्लारेंना माणसांपेक्षा कावळे जास्त ओळखायचे. पोखर्णी फाट्यापासून दीड कोसावरचं त्यांचं गाव आणि शेजारची दोन गावं, एवढ्या मुलखात विजेचे जेवढे खांब होते त्या सगळ्यांवर तात्याराव बावीस वर्षं चढले-उतरले. नोकरी लाइनमनची. उन्हाळा लागला की कावळे खांबाच्या आडव्या पट्टीवर घरटी घालतात, आणि कावळ्याला काडीपेक्षा तारेचा तुकडा प्यारा. कुंपणाची तार, छत्रीची काडी, सायकलीचा तुटका स्पोक, जे सापडेल ते वर नेतो. त्यातला एखादा तुकडा दोन तारांना टेकला की तीन गावांची लाइट जाते. म्हणून चैत्र-वैशाखात तात्यारावांचं निम्मं काम घरटी पाडायचं असे. परमिट घ्यायचं, म्हणजे उपकेंद्रातून लाइन बंद करून घ्यायची, वर चढायचं, घरटं उचकटायचं आणि खाली सोडून द्यायचं. कावळे टाळूवर टोचा मारायचे. मारायचे ते मारायचे, वर तोंडही लक्षात ठेवायचे. आठवडी बाजारात शेदोनशे माणसं उभी असली तरी झडप नेमकी तात्यारावांच्या टोपीवर.

एकदा पारावर कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमी मेल्यावर तुमच्या पिंडाला काय कावळा शिवायचा न्हाई."

"आमच्यात पिंडच न्हाई," तात्याराव म्हणाले. "आमची ती भानगड छप्पन सालीच मिटली."

असा बोलका माणूस. खांबावरून खाली चाललेल्या माणसाला हाक मारून त्याच्या पोरीच्या सोयरिकीची चौकशी करायचे. वर तारा अडकवायच्या चिनी मातीच्या चिमण्या बसवता बसवता शीळ घालायचे. आपल्या हातांचा त्यांना थोडा गर्वच होता. बोटं जाड, पण तारेचा पीळ असा घालत की नंतर पक्कड लावली तरी सुटू नये.

आठ वर्षांपूर्वीच्या भादव्यात ते हात गेले. बाभळीची फांदी पडून लाइन तुटली होती. तात्यारावांनी परमिट घेतलं, कमरेला झुला, म्हणजे खांबाला अडकवायचा पट्टा, बांधला आणि चढले. उपकेंद्रातून लाइन बंद होती, त्यात काही चूक नव्हती. पण कुठंतरी कुणीतरी लाइट नाही म्हणून जनरेटर सुरू केलं, आणि सुरू करताना आपल्या घरची जोडणी मुख्य लाइनपासून तोडली नाही. करंट उलटा चढत वर आला. कुणाचं जनरेटर ते शेवटपर्यंत निघालं नाही. तात्याराव खांबाला चिकटले नाहीत, मागं फेकले गेले आणि झुल्याला उलटे लटकून राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला आदिनाथ नावाचा लाइनमन खाली उभा होता. त्यानं एकट्यानं त्यांना उतरवलं. पुढं दवाखान्यात उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

बरे झाल्यावर त्यांना उपकेंद्रात बसून फोन उचलायचं काम दिलं. काम हलकं होतं, पण तो फोन लाइट असताना कधीच वाजत नसे. लाइट गेली की वाजायचा, आणि पलीकडचा माणूस तापलेलाच असायचा. तात्यारावांनी आठ महिने ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी कुणीतरी फोनवर ओरडलं, "दोन घंटे झाले, हातं न्हाईत का रे तुमाला?" ओरडणाऱ्याला काय माहीत. तात्यारावांनी हनुवटीनं फोन जागेवर सारला, चपला घातल्या आणि घरी चालत आले. पुन्हा तिकडं गेले नाहीत.

त्यानंतर ते बोलायचेच बंद झाले. भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडायचे. सगुणाबाई, त्यांची बायको, त्यांना अंघोळ घालायची, घास भरवायची, पायजम्याची नाडी बांधायची आणि मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. दिवसभरात तात्यारावांच्या तोंडून एकच गोष्ट निघायची: "सगुणा, पानी." पाणीसुद्धा नीट मागत नसत, भिंतीला सांगितल्यासारखं सांगत.

त्यांची लेक धम्मशीला पुण्याला औषधाच्या कंपनीत होती. एका दिवाळीत ती आली ती मोठा पिंजरा घेऊन. तिची घरमालकीण लेकाकडं परदेशी कायमची निघाली होती, तिची ही जोडी. सगुणाबाईनं फडकं उचलून आत बघितलं. राघूसारखे, पण राघू नव्हेत. चोच लाल नाही, गळ्यात कंठ नाही. पाठ हिरवी, पंखांत निळी झाक, आणि कपाळापासून छातीपर्यंत राख फासल्यासारखा रंग.

"हे कसले गं?"

"क्वेकर म्हणतेत यांना. बाहेरदेशचे हायत. आपले राघू पाळायला बंदी हाय, पण यांची नोंदणी केलेली हाय, कागदं हायत माझ्याकडं."

"अगं, एका माणसाचं करता करता माझी कंबर ढिली झाली," सगुणाबाई म्हणाली, "अन् तू आणखी दोन जीव आणून बसवलेस?"

"आई, ते त्यांच्या हातानं खातेत."

बोलून गेल्यावर तिचं तिला कळलं. बाजेवरच्या माणसानं मान वळवली नाही.

नराचं नाव घरमालकिणीनं ऑस्कर ठेवलं होतं, मादीचं टिना. सगुणाबाईच्या तोंडी त्याचा अस्कर झाला. पहिले चार दिवस दोघं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग थरथरवत बसून राहिले. पाचव्या दिवशी अस्करनं जवळ ठेवलेल्या खराट्याची एक काडी आत ओढून घेतली. ती चोचीत आडवी धरून त्यानं पिंजऱ्याच्या गजांतून आतबाहेर विणायला सुरुवात केली. काडी पडली की पुन्हा उचलायचा. दुपारपर्यंत त्यानं तीन काड्या घट्ट बसवल्या. तात्याराव भिंतीकडं तोंड करून पडले होते, पण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ते उठून बसले. संध्याकाळी रानातून आलेल्या सगुणाबाईला ते पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलेले दिसले.

"काय करायलाव?"

"ह्यानं पीळ घातलाय बघ," तात्याराव म्हणाले. दीड वर्षात एवढं लांब वाक्य पहिल्यांदा.

धम्मशीलानं फोनवर सगळं शोधून दाखवलं. जगातले बाकीचे पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, काड्यांचं घरटं बांधणारी ही एकच जात. अर्जेंटिना नावाच्या देशात त्यांचे थवेच्या थवे आहेत. शंभर-दीडशे पाखरं मिळून एकच घरटं बांधतात, बैलगाडीएवढं, आणि त्यात प्रत्येक जोडीचं दार वेगळं. आणि बांधतात कुठं, तर विजेच्या खांबावर. तात्यारावांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. हिरवा थवा कलकलाट करत तारांवर उतरतोय, खांबाला काड्यांचे भारेच्या भारे लटकलेत, आणि खाली पिवळी टोपी घातलेली माणसं पाळण्याच्या गाडीतून वर चढून ते पाडतायत.

"हे आपलेच भाऊबंद दिसतेत," तात्याराव म्हणाले. मग वर चढलेल्या एका माणसाकडं मान करून, "हातमोजे बघ त्याचे. कोपरापर्यंत हायत."

धम्मशीला परत गेली आणि तात्यारावांना काम लागलं. सकाळी उठून ओढ्याकडं जायचं, बाभळीच्या वाळल्या काड्या, पऱ्हाटीची टोकं अंगठा आणि करंगळीत धरून खिशात भरायची, आणि घरी येऊन एकेक पाखरांपुढं धरायची. अस्कर त्यांच्या अंगठ्याला न चावता काडी घ्यायला शिकला. बाभळीची काटेरी काडी असली तर जास्त खूश. गावात वेल्डिंगचं दुकान असलेल्या बालाजीनं अंगणात लिंबाखाली जाळीचा खोलीएवढा पिंजरा करून दिला. त्यात दोघांनी कोपऱ्यातल्या नळीवर घागरीएवढं घरटं रचलं. दुसऱ्या वर्षी पिल्लं झाली, तिसऱ्या वर्षी पुन्हा झाली. सगळे मिळून सात.

पाखरं बोलायला लागली. क्वेकर बोलतो ते खरं, पण त्याला जे रोज ऐकू येतं तेच बोलतो. "लाइट कवा येईल?" हे तर सातही जण म्हणायचे, कारण आल्यागेल्यानं लाइनमनच्या घरी येऊन तेच विचारायचं. लोकांना हसू यायचं. पण अस्कर आणखी एक बोलायला लागला. तात्यारावांच्या आवाजात, त्यांच्यासारखंच शेवटी आवाज पाडून: "सगुणा, पानी."

सगुणाबाई चुलीवरनं उठून तांब्या घेऊन बाहेर यायची. तात्याराव ओढ्याला गेलेले असायचे. पुन्हा जाऊन बसायची, पुन्हा हाक. दिवसातनं तीन-तीन, चार-चार वेळा ती फसायची. एका दुपारी ती तांब्या घेऊन आली, पिंजऱ्यापुढं उभी राहिली आणि तिथंच मटकन खाली बसली.

"तुमी एकटे हाक मारत होता तवा बरं होतं," नवरा आल्यावर ती म्हणाली. "आता तुमी न्हाई तरी तुमीच. म्या कुटं कुटं धावू?"

त्या दिवसापासून तात्यारावांनी पाणी मागायचं सोडलं. माठाशेजारी वाकून, वाटी अंगठ्यात अडकवून, अर्धं अंगावर सांडत ते स्वतः प्यायला लागले. अस्करनं हाक मारायचं मात्र सोडलं नाही.

चौथ्या वर्षीच्या वैशाखात वादळ आलं. सगुणाबाई त्या दिवशी सोनपेठला बहिणीच्या घरी गेली होती. दुपारचे चार वाजले असतील. आधी धूळ उठली, मग शेजारच्या गोठ्यावरचा पत्रा सुटला आणि फिरत येऊन पिंजऱ्यावर आदळला. जाळी एका बाजूनं माणूस जाईल एवढी फाटली. टिना पत्र्याखाली सापडली, जागच्या जागी गेली. बाकीची आत घिरट्या घालत होती. तात्याराव धावले. फाटलेली जाळी ओढून धरायला हात पाहिजे होता. त्यांनी डावा पंजा जाळीत खुपसला, तो निसटला. मग ते पाठ लावून त्या भगदाडात उभे राहिले. पण भगदाड मोठं आणि माणूस एक. एकेक पाखरू त्यांच्या खांद्यावरून, कानाजवळून, उजवा हात जिथं असायला पाहिजे होता त्या मोकळ्या जागेतून बाहेर पडलं. सहाही गेली. वादळ थांबलं तरी तात्याराव तसेच जाळीत उभे होते. शर्ट फाटून पाठीला ओरखडे आले होते. संध्याकाळच्या एसटीनं सगुणाबाई आली, तेव्हा तिनं त्यांना धरून बाजूला केलं.

"मरतील," ते म्हणाले. "पिंजऱ्यातली हायत. ऊन कुटं माहीत हाय त्यांना."

पण मेली नाहीत. आठ दिवसांनी आदिनाथचा फोन आला. "तात्या, तुमची पाखरं उपकेंद्राच्या लिंबावर बसायलेत. आपल्या राघूंच्या थव्यात हायत."

तात्याराव चालत गेले. खरंच होतं. सकाळी राघूंचा थवा नदीकडनं येऊन रानात उतरायचा, संध्याकाळी परत जायचा, त्याच्या मागं मागं ही सहा पाखरं. राघू सरळ बाणासारखा जातो, लांब शेपूट मागं ताणून. ही भराभरा पंख मारत, खरखरीत कालवा करत जायची. आभाळात कितीही उंच असली तरी तात्याराव ओळखायचे. पिंजऱ्यात चार वर्षं बघून त्यांना जे माहीत नव्हतं ते त्यांना आता दिसलं: की सगळी एकदम वळतात. कुणी सांगत नाही, कुणी हाक देत नाही, सहाच्या सहा एकदम वळतात. पावसाळाभर ते बांधावर बसून हे बघत राहिले. सगुणाबाईला वाटलं, माणूस आता सावरला.

त्यांना मात्र एक भीती होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. दसऱ्याच्या सुमाराला ती खरी ठरली. ओढ्याच्या कडेला भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या रानात दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर होता, गाव त्याला डीपी म्हणतं. त्याच्या वरच्या पट्टीवर एका सकाळी चार काड्या दिसल्या. बाभळीच्या. पीळ घातलेल्या.

हिवाळाभर ते घरटं वाढलं. आधी घागरीएवढं, मग पाटीएवढं, मग कडब्याच्या पेंढीसारखं दोन्हीकडं लोंबायला लागलं. तात्याराव रोज खाली जाऊन बसायचे. वरून काडी पडली तर उचलून दूर नेऊन टाकायचे, पाखरांना पुन्हा ती मिळू नये म्हणून. त्याचा काय उपयोग? ओढा बाभळींनी भरलेला होता. कोणत्या तारेपासून घरटं किती वीत लांब आहे हे ते खालून नजरेनं मोजायचे. वाळली काडी काही करत नाही. भिजली की करते. हे त्यांच्याएवढं त्या मुलखात कुणाला कळत होतं?

चैत्रात आदिनाथ शिडी घेऊन आला. तात्याराव डीपीखाली बसलेले बघून तो गाडीवरनं उतरून त्यांच्याशेजारी बसला.

"तात्या, वरून हुकूम हाय. पावसाळ्याच्या आधी लाइनवरची घरटी काढायची."

"माहीत हाय. हर साल येतोच हुकूम."

"मग काढू?"

"अंडी घातलीत त्यांनी," तात्याराव म्हणाले. "नर तोंडात खाऊ घेऊन आत जायलाय. थोडं थांब."

"तुमीच मला शिकवलंय. घरट्याकडं बघायचं न्हाई, हात घालायचा अन् सोडायचं."

"व्हय, म्याच शिकवलंय."

आदिनाथनं बराच वेळ वर बघितलं. ज्या माणसाला त्यानं झुल्यावरून उतरवलं होतं त्याला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. "मिरगाच्या आधी उडतील का?" त्यानं विचारलं.

"उडतील," तात्याराव म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं. पहिली अंडी वाया गेली होती की काय कोण जाणे, पण वैशाख संपत आला तरी आतून पिल्लांचा बारीक आवाज नुकताच कुठं यायला लागला होता. आदिनाथ आणखी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तात्यारावांनी आठ-आठ दिवस मागून घेतले. त्यानंतर आला तेव्हा आदिनाथ नुसता मान हलवून गेला. वहीत त्यानं 'घरटी काढली' असं लिहून टाकलं होतं.

मिरगाला पाच दिवस असताना पाऊस आला. मोठा नव्हता, भुरभुर तीन तास. सकाळी साडेअकराला तात्याराव डीपीकडं निघाले होते, अजून अर्ध्या वाटेवर होते, तेव्हा त्यांना तो आवाज ऐकू आला. कपडा फाटल्यासारखा. मग ठो. डीपीवरून काळा धूर निघाला. ते पळत गेले. घरटं एका बाजूनं पेटून पावसात विझत होतं. दोन पाखरं तारेला लटकली होती, पाय आवळलेले. उरलेली बाभळीवर बसून ओरडत होती.

आदिनाथ आला, लाइन बंद करून चढला. तात्यारावांनी खालून सांगितलं, "उजवीकडच्या दारात हात घाल. पिल्लं तिकडं हायत." आदिनाथनं पाच पिल्लं काढली. तीन मेलेली होती. दोन जिवंत, अंगावर नुसते निळसर कोंब फुटलेले. त्यानं ती पिशवीत घालून दोरीनं खाली सोडली. मग घरटं तोडायला घेतलं. इतक्या पिळांनी बांधलेलं घरटं त्यानं आयुष्यात काढलं नव्हतं. पाऊण तास लागला. काड्यांचा ढीग खाली माणसाच्या छातीएवढा झाला. तात्याराव पिशवी छातीशी धरून तिथंच उभे होते.

घरी सगुणाबाईनं ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली. बोटानं भरवायचा प्रयत्न केला, पण एवढ्याशा चोचीत किती आणि कसं जातं ते तिला कळेना. तात्यारावांना कळत होतं. अस्करला पिल्लं भरवताना त्यांनी दोन वर्षं बघितलं होतं.

"मान वर धर. अशी न्हाई. बोटानं घशाच्या डाव्या अंगाला. अगं, दाबू नको."

"मग तुमीच भरवा की," ती म्हणाली. म्हणाली आणि पिल्लू खाली ठेवून रडायला लागली. तात्यारावांनी अंगठा आणि करंगळीत पिल्लू धरायचा प्रयत्न केला. ते निसटून मांडीवर पडलं. एक त्या संध्याकाळीच गेलं. दुसरं तिसऱ्या दिवशी दुपारी, सगुणाबाईच्या ओंजळीत.

डीपी जळाला होता. नवीन यायला बारा दिवस लागले. गावात पिठाची गिरणी बंद, बोअरचं पाणी बंद, उकाडा मरणाचा. लोक दारावरून जाताना थांबायचे. पहिल्यासारखं हसून विचारत नसत. कस्तुराबाई नावाची म्हातारी दोन कोसांवरून डोक्यावर पाण्याची घागर आणत होती. ती अंगणात थांबली आणि घागर न उतरवता म्हणाली, "तात्या, पाखराची माया करावी, पण आमच्या जिवावर करू न्हाई." तात्याराव उठून उभे राहिले. ती पुढं गेली तरी उभेच होते.

चौकशी झाली. वहीत लिहिलं होतं एक आणि निघालं होतं दुसरं. आदिनाथनं तात्यारावांचं नाव घेतलं नाही. त्याची बदली येलदरीकडं झाली. त्याची पोरं इथल्या शाळेत, बायको गरोदर. तात्याराव साहेबांना भेटायला परभणीला गेले, दोन तास बाकावर बसले, साहेब भेटले तेव्हा म्हणाले, "चूक माझी हाय, त्याची न्हाई." साहेब चांगले होते. त्यांनी चहा मागवला, आणि कप उचलणार कसा हे ध्यानात आल्यावर शिपायाला खूण केली. "खिल्लारे," ते म्हणाले, "तुमची कसली चूक? तुम्ही आता नोकरीतच नाही." आदिनाथ निघून गेला. जाताना भेटायला आला नाही. तात्यारावांनी दोनदा फोन लावला, त्यानं उचलला, "कामात हाय" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यांनी लावला नाही.

धम्मशीलानं पुण्याहून विचारलं, "बाबा, दुसरी जोडी आणू का?"

"नको."

"मग दिवसभर काय करायलाव?"

"काय न्हाई."

चार पाखरं उरली होती, ती राघूंच्या थव्यात जायची. गणपतीच्या दिवसांत तीन दिसली. दिवाळीत दोन. पाखरं नेमकी कशानं गेली, कुणी पकडली, घारीनं नेली, की त्यांची त्यांनी वाट बदलली, काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा कुठं घरटं घातलं नाही. तात्यारावांनी सगळ्या लाइनीखालून फिरून बघितलं. मार्गशीर्षात एकच राहिलं. ते अस्कर होतं की त्याचं पोर, हे सांगता येत नव्हतं. सगळी एकसारखीच.

पौषात ज्वारी हुरड्यात आली आणि राघूंचे थवे रानावर तुटून पडायला लागले. भागवत घरी आला. त्याच्याच रानातला डीपी जळाला होता, पण तो कधी एका शब्दानं बोलला नव्हता.

"तात्या, राखणीला माणूस मिळंना. बसता का माळ्यावर?"

"गोफण कशी मारू?"

"गोफण नको. चार कोपऱ्यांत डबे बांधलेत, आत खडे घातलेत. दोरी तुमच्या पायाला बांधू. पाखरं आली की पाय ओढायचा."

सगुणाबाईला वाटलं, नाही म्हणतील. ते हो म्हणाले. कुणीतरी त्यांच्यावर एक रान सोपवत होतं. ते रोज दिवस उगवायला माळ्यावर जाऊन बसायला लागले. भागवत त्यांच्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून जायचा. थवा उतरला की ते पाय ओढायचे, डबे खडखडायचे, थवा उठायचा. राघू हुशार, अर्ध्या तासानं पुन्हा यायचे. पुन्हा पाय.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमाराला थवा उतरला. चाळीसेक राघू. माळ्यापासून वीस पावलांवर एका कणसावर उतरलेलं पाखरू बाकीच्यांपेक्षा आखूड होतं. त्यानं कणीस एका पायानं धरलं आणि दाणे सोलायला लागलं. छाती राखेसारखी होती. एका पंखाचं टोक झडलेलं होतं.

तात्याराव बघत राहिले. पाखरानं एकदा मान वर करून माळ्याकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागलं. त्याच्या भोवती राघू भराभर कणसं मोडत होते, अर्धी खात होते, अर्धी खाली टाकत होते. एक तास गेला, दुसरा गेला. भागवतचं रान त्या बाजूनं पांढरं पडत चाललं, दाणे गेलेले नुसते बोंडके उरले. भागवत कुठं दिसत नव्हता. कुणीच दिसत नव्हतं. ते तसेच बसून राहिले असते तर थवा पोट भरून आपण होऊन उठला असता.

त्यांनी पाय ओढला.

डबे वाजले. थवा एकदम उठला, नदीच्या दिशेनं वळला. राखी छातीचं पाखरू थोडं उशिरा उठलं, पंख मारत मागं पडत गेलं, आणि मग बाभळींच्या पलीकडं गेलं. दुपारी भागवत आला, रानाच्या त्या कोपऱ्याकडं बघून दोरी सोडायला वाकला. थवा दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, ज्वारी काढून होईपर्यंत येत राहिला. तात्याराव प्रत्येक वेळी आधी छात्या बघायचे आणि मग पाय ओढायचे. सगळ्या हिरव्या होत्या.